रस्ता वाचायला शिकूया: जळगाव जामोदहून निघणाऱ्यांसाठी

जळगाव जामोदला रेल्वे नाही. मुंबई-हावडा मार्गावरची गाडी धरायची तर नांदुरा किंवा शेगाव गाठावे लागते. कपाशी विकायला न्यायची असो, पेशंटला मोठ्या दवाखान्यात हलवायचे असो की मुलांना कॉलेजात जायचे असो, सारी भिस्त रस्त्यावर. हे रस्तेही एका जातीचे नाहीत. दक्षिणेकडचा रस्ता काळ्या मातीच्या सपाटीवरून पूर्णा ओलांडून नांदुऱ्याला जातो आणि तिथे राष्ट्रीय महामार्गाला मिळतो. उत्तरेकडचा सातपुडा चढून बऱ्हाणपूरच्या दिशेने मध्य प्रदेशात उतरतो. म्हणजे इथल्या माणसाला सपाट रस्ता, घाट आणि महामार्ग हे तिन्ही लागतात. त्यासोबत तीन भाषाही लागतात: गावात मराठी, महामार्गावर बरेचसे इंग्रजी आणि सीमेपलीकडे हिंदी.

वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली की मुले-मुली शिकाऊ परवान्याच्या मागे लागतात. मोबाइलवर चिन्हांची चित्रे उघडतात आणि एकेक पाठ करतात. परीक्षा सुटते, पण महिन्याभरात निम्मी चिन्हे डोक्यातून जातात. कारण चिन्हे पाठ करायची नसतात, वाचायची असतात. त्यांना व्याकरण आहे आणि ते अगदी थोडे आहे. ते एकदा कळले की कधी न पाहिलेले चिन्हही वाचता येते. या लेखात ते क्रमाने पाहू. क्रम असा: आधी आकार, मग रंग, मग चित्र आणि सगळ्यात शेवटी अक्षरे.

आकार आणि रंग

आपल्याकडची चिन्हे तीन गटांत येतात. पहिला गट आज्ञा देणारा. ही चिन्हे गोल असतात आणि ती मोडणे हा गुन्हा आहे. दुसरा गट सावध करणारा. ही त्रिकोणी, टोक वर, पांढऱ्या जमिनीवर लाल कड. तिसरा गट माहिती देणारा. ही चौकोनी, बहुधा निळी: दवाखाना, पेट्रोल पंप, प्रथमोपचार, वाहनतळ.

गोल चिन्हांत पुन्हा दोन पोटभेद आहेत आणि ते रंगाने कळतात. लाल कडेचा गोल म्हणजे मनाई किंवा मर्यादा. निळा गोल म्हणजे सक्ती, तसे करावेच लागेल.

आता एकच चित्र घेऊन हे तपासू. उजवीकडे वळणारा बाण आहे. तो त्रिकोणात असेल तर अर्थ: पुढे उजवे वळण आहे, वेग कमी करा. तोच बाण लाल गोलात, वर तिरकी पट्टी: उजवीकडे वळू नका. तोच बाण निळ्या गोलात: उजवीकडेच वळा. बाण एकच, आकार आणि रंग बदलला की अर्थ बदलला. सायकलीचेही तसेच. त्रिकोणातली सायकल सांगते की इथे सायकलस्वार रस्ता ओलांडतात. लाल गोलातली सांगते की सायकलीला प्रवेश नाही. निळ्या गोलातली सांगते की ही वाट सायकलींसाठीच आहे. एवढे समजले की डोक्यात वेगवेगळी सहा चित्रे साठवायची गरज उरत नाही.

भारतीय चिन्हांत बैलगाडी, टांगा आणि हातगाडी यांनाही स्वतंत्र जागा आहे. लाल गोलात बैलगाडी दिसली तर ती पाटी ट्रकवाल्यासाठी नाही, शेतातून घरी निघालेल्या गाडीवानासाठी आहे. त्याच्याकडे परवाना नसेल, पण पाटी त्यालाही लागू आहे. रस्ता वाचणे हे फक्त मोटार चालवणाऱ्याचे काम नाही, ते असे.

दोन चिन्हे मुद्दाम या चौकटीबाहेर ठेवली आहेत. लाल अष्टकोन म्हणजे थांबा, चाके पूर्ण थांबवा. टोक खाली केलेला त्रिकोण म्हणजे आधी समोरच्या रस्त्यावरच्यांना जाऊ द्या. या दोन आज्ञा चुकल्या तर थेट टक्कर होते. म्हणून त्यांचे आकार दुसऱ्या कुठल्याही पाटीला दिलेले नाहीत. पाटी धुळीने माखली, अक्षरे उडाली किंवा आपण तिच्या पाठीमागून आलो, तरी नुसत्या कडांवरून ती ओळखू येते.

परीक्षेत हमखास गोंधळ होतो अशा दोन जोड्या आहेत. निळ्या जमिनीवर, लाल कडेत एक तिरकी रेघ असेल तर गाडी उभी करून ठेवायला मनाई आहे. दोन रेघांची फुली असेल तर क्षणभर थांबायलाही मनाई आहे. दुसरी जोडी आकड्यांची. लाल गोलात नुसते ५० म्हणजे कमाल वेग. आकड्याच्या वर-खाली टोके असतील तर ती उंचीची मर्यादा, डाव्या-उजव्या बाजूंना असतील तर रुंदीची. कडबा किंवा कपाशी भरलेल्या गाडीसाठी ही दोन चिन्हे फार मोलाची आहेत.

हे व्याकरण आले कुठून

८ नोव्हेंबर १९६८ रोजी व्हिएन्नात रस्त्यावरील चिन्हे व सिग्नल यांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात १९८० मध्ये सामील झाला. देशातला तपशील ठरवते इंडियन रोड्स काँग्रेस. ही संस्था १९३४ पासून रस्तेबांधणीची मानके लिहिते आणि चिन्हांची तिची संहिता पहिल्यांदा १९७७ मध्ये आली. कायद्याचे बळ मिळते ते १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातून. त्याच्या पहिल्या अनुसूचीत ही चिन्हे दिलेली आहेत.

या कराराचा उपयोग किती, हे पाहायला युरोपातल्या स्लोव्हाकियाचे उदाहरण घेऊ. तिथली भाषा आपल्याला परकी. वळणाला ते ‘झाक्रुता’ म्हणतात, चौकाला ‘क्रिझोवात्का’, पर्यायी रस्त्याला ‘ओब्खाद्झ्का’. वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. तरी जळगाव जामोदहून शिकायला गेलेल्या मुलाला तिथला लाल कडेचा त्रिकोण, वेगमर्यादेचा गोल आणि थांबण्याचा अष्टकोन पहिल्याच दिवशी वाचता येतो. त्यांचा देशही त्याच कराराने बांधलेला आहे. शब्द नंतर शिकले तरी चालतात.

मग शब्द कशासाठी

चित्र सांगते काय आहे. किती लांब, कोणासाठी, कुठल्या वेळी, हे पाटीखालची अक्षरे सांगतात. महामार्गावर ती पुष्कळदा इंग्रजीत असतात. हे शब्द वर्णानुक्रमे न शिकता जागेप्रमाणे शिकावेत, म्हणजे लक्षात राहतात.

घाटात भेटणारे शब्द असे. बेंड किंवा कर्व्ह म्हणजे वळण, हिंदीत मोड़. हेअरपिन बेंड म्हणजे रस्ता जवळजवळ उलटा फिरतो असे तीव्र वळण. स्टीप असेंट म्हणजे तीव्र चढ, स्टीप डिसेंट म्हणजे तीव्र उतार. फॉलिंग रॉक्स म्हणजे दरड कोसळण्याची जागा. ब्लाइंड टर्न म्हणजे पलीकडचे दिसत नाही असे वळण.

नदी-नाल्यापाशी भेटणारे शब्द: नॅरो ब्रिज म्हणजे अरुंद पूल, कल्व्हर्ट म्हणजे मोरी, तिला हिंदी पाटीवर पुलिया लिहिलेले असते. कॉजवे म्हणजे आपला फरशी पूल किंवा रपटा. डेंजरस डिप म्हणजे रस्ता अचानक खाली उतरतो ती जागा.

महामार्गावरचे शब्द: मीडियन म्हणजे दुभाजक, गॅप इन मीडियन म्हणजे दुभाजकातली मोकळी जागा, तिथून ट्रॅक्टर आडवा येऊ शकतो. शोल्डर म्हणजे साइडपट्टी. सर्व्हिस रोड म्हणजे सेवा रस्ता. बायपास म्हणजे गावाबाहेरून काढलेला कायमचा रस्ता, तर डायव्हर्जन म्हणजे काम चालू असल्यामुळे दिलेला तात्पुरता रस्ता. या दोहोंत फरक करायला शिकावे. बायपासवर रस्ता मोकळा असतो. डायव्हर्जनवर मात्र खडी, अरुंद वाट आणि समोरून येणारी वाहने गृहीत धरावी लागतात. कामाच्या जागेवरची चिन्हे पिवळ्या जमिनीवर असतात, म्हणून लांबूनच कळतात.

पाटी इतकी आधी का असते

नवशिक्याला वाटते, पाटी दिसली पण वळण कुठे आहे? पाटी आधीच असायला हवी. त्यामागे साधा हिशेब आहे.

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. समोरचे दिसणे, ते उमजणे आणि पाय ब्रेकवर जाणे, याला रस्त्याच्या आखणीत अडीच सेकंद धरतात. तेवढ्यात गाडी सुमारे ४२ मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेक अजून लागलेलाच नाही. ब्रेक लागल्यावर थांबायला आणखी जवळपास तितकेच अंतर जाते. म्हणून आपल्या मानकांत ६० च्या वेगाला थांबण्यासाठी ८० मीटर अंतर दिसायला हवे असे धरले आहे. ८० मीटर म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या सुमारे सात एसटी बस.

वेग वाढला की हे अंतर त्याच पटीत वाढत नाही, त्याहून जास्त वाढते. ताशी ४० ला ४५ मीटर, ६० ला ८०, ८० ला १२० आणि १०० ला १८०. वेग ५० वरून १०० केला तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. या आकड्यांपैकी दोन तरी प्रत्येकाने ध्यानात ठेवावेत. लोअर लाइटमध्ये रात्री जेवढे दिसते त्यापेक्षा थांबायला लागणारे अंतर जास्त असेल, तर दिसलेल्या वस्तूवर आपण आदळणारच. दिवा न लावलेली ट्रॉली, रिफ्लेक्टर नसलेली बैलगाडी, रस्त्यात बसलेली जनावरे यांचे अपघात असेच होतात.

गाडीवानालाही यात करण्यासारखे आहे. गाडीच्या मागे लाल, बाजूंना पिवळी आणि पुढे पांढरी चकाकणारी पट्टी लावायची. म्हणजे येणाऱ्याला नुसत्या रंगावरून कळते की आपल्याला गाडीचे तोंड दिसते आहे, कूस की पाठ. दिंडीत शेगावला पायी निघणाऱ्यांनी फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे आणि रात्री पुढे-मागे उजेड ठेवावा.

डांबरावरच्या रेषा

पाटी बाजूला असते, रेष थेट चाकाखाली. मधली पांढरी रेष तुटक असेल तर समोर मोकळे पाहून ओव्हरटेक करता येते. ती अखंड झाली की ओलांडायची नाही. एक तुटक आणि एक अखंड अशा दोन रेषा शेजारी असतील तर आपल्या बाजूला कोणती आहे ते पाहायचे. आपल्या बाजूची तुटक असेल तर आपल्याला मुभा, समोरच्याला नाही. पिवळी अखंड रेष तर स्पर्शही न करता सोडायची.

अखंड रेष कुठेही मनात येईल तशी ओढलेली नसते. वळण, चढाचा माथा, पूल अशा जागी समोरून येणारा दिसत नाही, म्हणून तिथे ती असते. एसटीच्या मागे अडकलेल्या दुचाकीस्वाराला रस्ता मोकळा वाटतो, कारण मोकळा दिसणारा तुकडा फार छोटा असतो. रेष आखणाऱ्याने तो मोजलेला असतो.

पुलाच्या कठड्यापाशी काळ्या-पिवळ्या तिरक्या पट्ट्यांची पाटी दिसते. तिच्या पट्ट्या ज्या बाजूला खाली उतरतात, त्या बाजूने जायचे असते. रात्री अरुंद पुलावर ही खूण जीव वाचवते.

काळ्या मातीच्या आपल्या भागात साइडपट्टीकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते. त्यामुळे डांबराला लाटा पडतात आणि कडेची माती डांबराच्या खाली बसते. पावसाळ्यात एक चाक खाली उतरले आणि घाबरून हँडल एकदम वर ओढले की गाडी घसरते. चाक उतरलेच तर वेग पूर्ण कमी करावा आणि मगच गाडी सावकाश वर घ्यावी.

पाणी आल्यावर

२२ जुलै २०२३ ला जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत झालेली अतिवृष्टी इथला कोणी विसरणार नाही. सातपुड्यावर पाऊस पडला की उतारामुळे नाले भराभर चढतात. कित्येकदा आपल्याकडे आभाळ उघडे असते आणि पाणी वरून येते.

फरशी पुलाच्या दोन्ही कडांना खांब असतात. ते रस्त्याची कड दाखवण्यासाठी असतात आणि खोली मोजण्याची पट्टीही पुष्कळ ठिकाणी असते. पाण्याखाली फरशी शाबूत आहे की वाहून गेली, हे मात्र कोणतीच खूण सांगू शकत नाही. म्हणून नियम एकच: फरशीवरून पाणी वाहत असेल तर थांबायचे. पुढची गाडी गेली हा पुरावा होत नाही, कारण प्रत्येक चाकागणिक फरशी सुटत असू शकते.

दगड काय सांगतात

किलोमीटरच्या दगडाचा माथा रस्त्याची जात सांगतो. पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य महामार्ग, काळा किंवा निळा म्हणजे जिल्ह्याचा रस्ता. केशरी माथा २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्याचा. दोन किलोमीटर-दगडांच्या मध्ये दर २०० मीटरवर छोटे दगड असतात.

महामार्गाचा क्रमांकही वाचता येतो. नांदुऱ्यावरून जाणारा महामार्ग जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘सहा नंबर’ आहे. २०१० मध्ये क्रमांक बदलले आणि तो ५३ झाला. नव्या पद्धतीत विषम आकडा पूर्व-पश्चिम रस्त्याला, सम आकडा उत्तर-दक्षिण रस्त्याला. तीन आकडी क्रमांक म्हणजे फाटा. शेवटचे दोन आकडे मूळ महामार्गाचे असतात. मलकापूरहून बुलडाणा, चिखलीकडे जाणारा ७५३ ए हा असा ५३ चा फाटा आहे.

या दगडांचा खरा उपयोग संकटात होतो. अपघात पाहून १०८ ला फोन केला आणि ‘झाडापाशी, ढाब्याच्या पुढे’ असे सांगितले, तर रुग्णवाहिका शोधत फिरते. रस्त्याचे नाव, दगडावरचा आकडा आणि तोंड कोणत्या गावाकडे, एवढ्या तीन गोष्टी सांगितल्या की ती सरळ येते. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांकही आहे. मुलांना हे तीन वाक्यांचे बोलणे शिकवून ठेवावे.

आधी कोण जाणार

रस्त्यावर सर्वांत जास्त भांडणे याच प्रश्नावरून होतात आणि उत्तरे ठरलेली आहेत. सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. गोल चौकातही तसेच. फाट्यावरून मोठ्या रस्त्याला लागताना मोठ्या रस्त्यावरचा आधी. शेतरस्त्यातून, पांदणीतून किंवा पेट्रोल पंपातून बाहेर पडताना थांबून पाहणे आपले काम. घाटात दोन वाहने एकदम मावत नसतील तर चढणाऱ्याला आधी वाट. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणे अवघड जाते आणि ती मागे सरकण्याचा धोका असतो. रुग्णवाहिकेला आणि अग्निशमन गाडीला सगळ्यांनीच वाट द्यायची. न दिल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

चौकात नुसता पिवळा दिवा लुकलुकत असेल तर वेग कमी करून सावधपणे जायचे. लाल लुकलुकत असेल तर पूर्ण थांबायचे, दोन्हीकडे पाहायचे आणि मग जायचे.

परीक्षेची तयारी

शिकाऊ परवान्याचा अर्ज ‘सारथी’ या सरकारी संकेतस्थळावर करता येतो आणि चाचणी मराठीत देता येते. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के उत्तरे बरोबर लागतात. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. तोवर गाडीला पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावायचा आणि सोबत परवानाधारक शिकवणारा हवा.

या तीस दिवसांचा एक उपयोग सुचवतो. एसटीत खिडकीशी किंवा कोणाच्या मागे बसून जाताना प्रत्येक पाटीला चार प्रश्न विचारा: आकार कोणता, रंग कोणता, चित्र काय, आणि मी चालवत असतो तर आत्ता काय केले असते? चौथ्या प्रश्नाचे उत्तर मोठ्याने द्या. ‘गॅस सोडला असता’, ‘डावीकडे राहिलो असतो’, ‘ओव्हरटेक रद्द’. काही दिवसांत उत्तर शब्दांआधी हाता-पायात येऊ लागते. घरातल्या ज्यांना अक्षरे येत नाहीत त्यांनाही हा खेळ खेळता येतो, कारण अक्षरांचा नंबर शेवटचा आहे.

वाचायला येऊ लागले की न लिहिलेलेही दिसू लागते. वळणावरची पाटी बाभळीत झाकली गेलेली असते, गतिरोधकावरचे पांढरे पट्टे उडालेले असतात, फरशी पुलाचे खांब पडलेले असतात. मानकांप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सेंटिमीटर उंच आणि गोलाईचा असायला हवा. कंबर मोडणारा उभा डांबराचा ढीग म्हणजे गतिरोधक नव्हे. असे काही दिसले तर रस्त्याचे नाव आणि जवळच्या दगडावरचा आकडा लिहून फोटोसह अर्ज करा. राज्य महामार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, गावरस्ता असेल तर जिल्हा परिषद किंवा ग्रामपंचायतीकडे. अर्जाची पोच घ्या आणि पाटी लागेपर्यंत पाठपुरावा करा. जळगाव जामोदच्या माणसाला रस्त्यावाचून दुसरी वाट नाही, म्हणून त्यावरची प्रत्येक खूण नीट असावी हा त्याचा हक्क आहे आणि ती वाचता येणे ही त्याची जबाबदारी.